दोन बाटल्यांसाठी चार तारे

सेवा: कान-नाक-घसा विभागातलं व्हॉइस क्लिनिक. कशासाठी गेले: आवाज बसला होता. काय निघालं: स्वरयंत्राचा टीबी. तारे: पाचपैकी चार. पाचवा का कापला ते खाली येईलच. आधी चार कशाचे ते सांगते, कारण "डॉक्टर फार प्रेमळ आहेत" असं वाचून ज्याचा घसा बसलाय त्याला काडीचा उपयोग होत नाही.

मी पोहायला शिकवते. तलावाच्या काठावर उभं राहून दिवसभर ओरडायचं, हीच नोकरी. त्यामुळे आवाज घोगरा झाला तेव्हा प्रत्येकाकडे कारण तयार होतं. कुणी म्हणे ओरडणं कमी कर, कुणी म्हणे क्लोरीनची वाफ. बंदिस्त तलावावर ती वाफ खरंच त्रास देते, त्यामुळे मलाही ते पटलं. शिट्टी वाजवून, हातवारे करून काम भागवत होते. पण आवाज सुट्टी घेऊनही सुधारेना, उलट फुसका होत गेला. वाक्य सुरू करायचं आणि शेवटचे शब्द नुसत्या हवेत जायचे.

या क्लिनिकच्या आधी मी दुसऱ्या एका दवाखान्यात जात होते. त्याचं नाव इथे नको. तिथे दर खेपेला तोंड उघडायला लावायचे, जीभ दाबायचे, टॉर्च मारायचे आणि "घसा लाल आहे" म्हणायचे. आधी ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग एक अँटिबायोटिक, मग दुसरं, मग स्टेरॉइडचा छोटा कोर्स. स्टेरॉइडने चार दिवस आवाज बरा झाला, म्हणून डॉक्टर खूश, मी खूश. मग होता त्यापेक्षा वाईट झाला.

आता कळतं की त्या टॉर्चने स्वरयंत्र दिसणं शक्यच नव्हतं. टॉर्चचा उजेड पोचेल तिथपर्यंतच दिसतं, म्हणजे टॉन्सिल आणि पडजीभेच्या मागची भिंत. स्वरयंत्र जिभेच्या मुळामागे, खाली, त्यावर आणखी एक झाकण. ते बघायला एकतर आरसा लागतो नाहीतर दुर्बीण. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सुधारलेल्या सूचनांमध्ये सरळ लिहिलंय: आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर स्वरयंत्र बघा, आणि काही गंभीर शंका असेल तर तेवढंही थांबू नका. नुसत्या बसलेल्या आवाजासाठी आत न बघता ॲसिडिटीची औषधं देऊ नका, स्टेरॉइड नेहमीचा उपाय म्हणून वापरू नका, हेही त्यात आहे. माझ्या बाबतीत नेमकं उलट्या क्रमाने झालं. त्यातलं दुसरं अँटिबायोटिक फ्लुओरोक्विनोलोन गटातलं होतं. ते टीबीच्या जंतूंनाही थोडंफार मारतं. पुरतं मारत नाही, पण दाबून ठेवतं, आणि मग तपासण्या फसतात. हे सगळं मला व्हॉइस क्लिनिकमध्ये जुन्या चिठ्ठ्या पाहून सांगण्यात आलं. त्यांनी आधीच्या डॉक्टरांबद्दल एक शब्दही वाकडा काढला नाही. मला मात्र काढावासा वाटतो, म्हणून इथे काढला.

आता मूळ सेवेकडे.

आत गेल्यावर पहिला अर्धा वेळ कुणी घशाकडे बघितलंच नाही. वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी एक लांब "ई" म्हणायला लावला, मग वीसपर्यंत आकडे, मग एक परिच्छेद वाचायला. सगळं रेकॉर्ड केलं. नंतर डॉक्टर बाईंचे प्रश्न. गिळताना दुखतं का? वजन उतरलंय का? संध्याकाळी अंग गरम लागतं का? रात्री घाम? घरात, कामावर कुणाला टीबी झालेला? सिगारेट, तंबाखू? आणि मग, कान दुखतो का?

कान दुखत होता. डावा. मी कधी सांगितलंच नसतं, कारण पोहणाऱ्याचा कान दुखतोच, त्यात काय सांगायचं? त्यांनी कानात बघितलं. कान स्वच्छ, पडदा ठणठणीत. "मग हे दुखणं कानाचं नाही, घशाचं आहे," म्हणाल्या आणि कागदावर लिहून खाली रेघ मारली. स्वरयंत्राला आणि कानाच्या एका भागाला संवेदना पुरवणारी नस एकच, व्हेगस. खाली जखम असली की मेंदूला वाटतं कान दुखतोय. नुसता ओरडून बसलेला आवाज गिळताना दुखत नाही, कानापर्यंत तर नाहीच नाही. पहिला तारा या प्रश्नाला.

दुर्बिणीबद्दल लोकांना भीती असते म्हणून जरा सविस्तर. नाकात सुन्न करणारा फवारा मारतात. तो कडू असतो आणि घशात उतरला की गिळणं जमत नाहीये असं वाटतं. जमत असतं, फक्त कळत नसतं. मग तीन-चार मिलिमीटर जाडीची लवचीक नळी नाकातून आत. नाकाच्या वळणावर डोळ्यांत पाणी येतं, तेवढंच. श्वास नाकाने घेत राहा म्हणतात, ते माझ्यासाठी सोपं होतं, आयुष्यभर इतरांना तेच सांगत आलेय. समोरच्या पडद्यावर सगळं दिसतं. उजवी स्वररज्जू, म्हणजे आवाज काढणारी पट्टी, पांढरी, सरळ कडेची. डावी लाल, सुजलेली, आणि तिची कड उंदराने कुरतडलेल्या कापडासारखी. मागच्या बाजूला, दोन्ही रज्जूंच्या मागच्या टोकांमधल्या भागातही दाणेदार सूज. "ई" म्हटलं की उजवी झपकन मध्ये यायची, डावीही यायची पण अवघडत. मग त्यांनी स्ट्रोबोस्कोपीचा दिवा लावला. रज्जू सेकंदाला शेकड्याच्या हिशेबात कंप पावतात, डोळ्याला ते दिसणं अशक्य. हा दिवा लुकलुकत तो कंप संथ झाल्याचा भास करून देतो. उजव्या रज्जूवरून लाट सरकताना स्पष्ट दिसली. डावीवर लाटच नव्हती.

जाता जाता: स्वतःचं स्वरयंत्र आरशात पहिल्यांदा पद्धतशीर पाहणारा माणूस डॉक्टर नव्हता, गाणं शिकवणारा होता. मॅन्युएल गार्सिया, १८५४. दंतवैद्याचा छोटा आरसा घशात, दुसरा आरसा हातात, आणि सूर्याचा उजेड. पुढे तो एकशे एक वर्षं जगला. शिकवणाऱ्यांनी आवाजाची काळजी कशी घ्यावी याचं उदाहरण म्हणून मी त्याचं नाव आता सगळ्यांना सांगते.

पडद्यावरचं ते चित्र पाहून मी विचारलं, "कॅन्सर आहे का?" इथे बहुतेक ठिकाणी एकतर "छे छे" म्हणतात नाहीतर गंभीर चेहरा करून नातेवाइकांना बाहेर बोलावतात. या डॉक्टर बाई म्हणाल्या, "असू शकतो. टीबीही असू शकतो. अजून दोन-तीन आजार असेच दिसतात. डोळ्यांनी बघून यातला फरक सांगता येत नाही, आणि मी सांगितला तर विश्वास ठेवू नका." मला हे उत्तर फार आवडलं.

आणि ते खरंही आहे. टीबीवर औषधं नव्हती त्या काळात स्वरयंत्राचा टीबी सर्रास दिसायचा. फुप्फुसं पोखरलेली, रोगी महिनोन्महिने पडून, जंतूंनी भरलेला बेडका स्वरयंत्राच्या मागच्या भागात साठायचा, म्हणून जखमा बहुधा मागेच. डॉक्टरांना ओळखायला अवघड जायचं नाही. आता टीबीच्या शंभर रोग्यांमध्ये एखाद्याच्याच स्वरयंत्राला तो होतो. तोही कुठेही, बरेचदा रज्जूंवरच, एकाच बाजूला, चालत्याफिरत्या, धडधाकट माणसाला. म्हणजे हुबेहूब कॅन्सरच्या जागी, कॅन्सरच्या रूपात. सारकॉइडोसिस, सिफिलिस, काही बुरशीजन्य आजार, रक्तवाहिन्यांचा दाह, हेही त्याच रांगेत. एवढ्या सोंगांमधून खरं ओळखायचं तर जागेवरचा तुकडा काढावाच लागतो.

पण तुकड्याच्या आधी त्यांनी त्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढायला लावला. घसा दाखवायला गेलेल्या माणसाच्या छातीचा एक्स-रे का, असं मलाही वाटलं. कारण साधं आहे. स्वरयंत्राचा टीबी असलेल्या बहुतेकांच्या फुप्फुसातही तो असतो, आणि फुप्फुसातला असेल तर थुंकीतून पकडता येतो, चिरफाड न करता. दुसरा तारा या एक्स-रेला. तो पहिल्या दवाखान्यात पहिल्या महिन्यात निघाला असता तर... असो.

माझ्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक फिकट डाग होता. जुनाही असेल, नवाही असेल, असा. मग थुंकी. इथे क्लिनिकच्या तंत्रज्ञ मुलाला वेगळे गुण द्यायला हवेत. त्याने डबी हातात कोंबून पाठवून दिलं नाही. लाळ नको, छातीतून आलेलं हवं, सकाळी उठल्याउठल्या, काही खाण्याआधी चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन मग जोरात खोकायचं, उघड्यावर किंवा खिडकीशी, जवळ कुणी नको. हे करून दाखवलं, तोंडाला मास्क ठेवून. एक नमुना तिथेच, एक दुसऱ्या दिवशी सकाळचा.

दोन्ही निगेटिव्ह आले. सूक्ष्मदर्शकाखालीही आणि जीनएक्सपर्टवरही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: थुंकी काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधणं ही जुनी तपासणी. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला हा जंतू जगाला सांगितला, त्यानंतर लगेचच्या वर्षांतली. स्वस्त आहे, झटपट आहे, पण एका मिलिलीटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हाच तिला दिसतात. जीनएक्सपर्ट जंतूचं डीएनए शोधतं. नमुना एका काडतुसात घालायचा, काडतूस यंत्रात, दोन तासांच्या आत उत्तर. जंतूंची संख्या शे-सव्वाशेपर्यंत खाली आली तरी ते पकडतं, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही त्याच फटक्यात सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये त्याला मान्यता दिली, पुढे २०१७ मध्ये त्याची आणखी तीक्ष्ण आवृत्ती आली. तरी निगेटिव्ह म्हणजे "टीबी नाही" असं होत नाही. जंतू त्या थुंकीत नव्हते, एवढाच अर्थ. माझ्या त्या अँटिबायोटिकचा त्यात हात असावा असं डॉक्टरांना वाटलं.

थुंकी निगेटिव्ह आली की बरेच जण टीबीचं पान उलटून टाकतात आणि सरळ कॅन्सरच्या मागे लागतात. इथे ते झालं नाही, आणि उरलेले दोन्ही तारे या एका गोष्टीचे आहेत.

बायोप्सी, म्हणजे तपासायला तुकडा काढणं, पूर्ण भूल देऊन, तोंडातून धातूची नळी घालून, मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली करतात. सकाळी मला आत नेण्याआधी नर्स यादी वाचत होती: रुग्णाचं नाव, डावी बाजू, दातांची कवळी नाही, आणि "बाटल्या दोन, एक फॉर्मॅलिन, एक सलाइन." ट्रेमध्ये दोन छोट्या बाटल्या, दोघींवर माझं नाव आधीच चिकटवलेलं. फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या रसायनाच्या, बाटलीचं झाकण पिवळं, सलाइनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या, बाटलीचं पांढरं. मी विचारलं, दोन कशाला? नर्स म्हणाली, "एक पॅथॉलॉजीला, एक मायक्रोबायोलॉजीला. फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की जंतू मरतो, मग कल्चर कशाचं करणार?"

म्हणजे एक तुकडा पेशी बघणाऱ्यांकडे, दुसरा जंतू वाढवून (त्यालाच कल्चर म्हणतात) तपासणाऱ्यांकडे. बस्स, एवढंच. हा दोन मिनिटांचा विचार आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो होत नाही. सगळा तुकडा सवयीने फॉर्मॅलिनमध्ये जातो, कारण शस्त्रक्रियेतलं जे काही निघतं ते तिथेच जातं. मग आठ दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो की टीबीसारखं दिसतंय, आणि तेव्हा जंतू जिवंत नसतो, वाढवता येत नाही, औषधांना दाद देतो का ते तपासता येत नाही. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर डीएनए तपासणीही कमी भरवशाची होते. मग पुन्हा भूल, पुन्हा तुकडा, किंवा अंदाजाने औषधं. कुणाला स्वरयंत्राची बायोप्सी सांगितली असेल तर आत जाण्याआधी हा एक प्रश्न विचारा: टीबीच्या तपासणीसाठी थोडा तुकडा सलाइनमध्ये पाठवणार आहात ना? विचारल्याने कुणी रागावलं तर रागावू दे.

तुकड्यांसोबत गेलेली चिठ्ठीही मी नंतर पाहिली. "डाव्या स्वररज्जूवर जखम, मागे दाणेदार सूज. टीबी? कर्करोग?" दोन्ही नावांपुढे प्रश्नचिन्ह. एक्स-रेतला डाग आणि आधीच्या औषधांची नावंही. पॅथॉलॉजिस्टला हे कळणं का गरजेचं, ते रिपोर्ट आल्यावर समजलं.

सलाइनच्या बाटलीचं उत्तर आधी आलं. जीनएक्सपर्ट: क्षयाचा जंतू आढळला, रिफॅम्पिसिनला प्रतिकार आढळला नाही. फोन स्वतः डॉक्टरांचा. मी त्यांना विचारलं, "म्हणजे कॅन्सर नाही ना?" तर म्हणाल्या, "अजून तसं म्हणत नाही, दोन्ही एकत्रही असू शकतात. दुसऱ्या बाटलीची वाट बघू." या बाई सुटकेचा श्वासही घेऊ देत नाहीत, असं त्या क्षणी वाटलं. आता विचार करता तेच बरोबर होतं.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काही दिवसांनी: ग्रॅन्युलोमा म्हणजे दाहाने जमलेल्या पेशींच्या गाठी, मध्ये केझियेशन म्हणजे पेशी मरून झालेला गाळ, लँगहान्स प्रकारच्या मोठ्या पेशी. खास रंग देऊन जंतू शोधले, दिसले नाहीत (तुकड्यात ते बहुधा थोडेच असतात, त्यामुळे हे नेहमीचंच). कॅन्सरच्या पेशी नाहीत. आणि एक लांबलचक शब्द: स्यूडोएपिथेलिओमॅटस हायपरप्लेजिया. तो वाचून मला घाम फुटला, शब्दाच्या शेवटी असं काही असलं की कॅन्सरच वाटतो. पॅथॉलॉजिस्टना भेटता येईल का म्हणून विचारलं, तर भेटले! सूक्ष्मदर्शकात दाखवलंसुद्धा. खाली दाह चालू असला की वरचं आवरण जाड होतं आणि त्याची बोटं खाली उतरतात. तुकडा उथळ आणि छोटा असेल, आणि चिठ्ठीवर नुसतं "कर्करोग?" असेल, तर त्या बोटांना कॅन्सर समजण्याची चूक जगात झालेली आहे. टीबीच्या रोग्याचं स्वरयंत्र त्यापायी जाऊ शकतं. त्यांना तुकडे तीन ठिकाणचे आणि खोल मिळाले होते, म्हणून खालचे ग्रॅन्युलोमा दिसले.

उलटी चूक तर इतिहासप्रसिद्धच आहे. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक, १८८७. आवाज बसला म्हणून स्वररज्जूवरचे तुकडे काढले, तपासले खुद्द व्हिर्शोने, त्या काळचा सगळ्यात मोठा पॅथॉलॉजिस्ट. कॅन्सर नाही असं उत्तर. पुढच्या वर्षी तो सम्राट झाला आणि नव्व्याण्णव दिवसांत गेला, स्वरयंत्राच्या कॅन्सरनेच. तपासणारा मोठा असून चालत नाही, तुकडा योग्य जागेचा लागतो.

एक गोष्ट त्यांनी केली नाही, त्याचंही कौतुक. मी विचारलं होतं, हातावर सुई टोचून करतात ती टीबीची तपासणी का नाही? तर जंतूशी शरीराची कधीतरी गाठ पडली आहे एवढंच ती सांगते, आत्ताचा आजार त्यावरून ठरत नाही. रक्तातून करतात ती तपासणीही तसलीच. उगाच काहीतरी करायचं म्हणून केली नाही. साखर आणि एचआयव्ही मात्र केली, टीबी निघालेल्या प्रत्येकाची करतात म्हणून. तेव्हा बिचकू नये.

आता कापलेला तारा.

स्वरयंत्राचा टीबी खूप संसर्गजन्य मानला जातो. बोलताना, खोकताना जंतू थेट हवेत. दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांनी एन-९५ मास्क घातला होता, खोलीची खिडकी उघडी होती, नळी वापरून झाल्यावर निर्जंतुकीकरणाला गेली, ते सगळं ठीक. पण मी बाहेर बाकावर बसले होते त्याचं काय? त्या बंद, एसी लावलेल्या प्रतीक्षालयात खोकणाऱ्यांना कुणी मास्क देत नव्हतं, वेगळं बसवत नव्हतं. माझ्या शेजारी एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. मला मास्क मिळाला तो दुर्बीण झाल्यावर. ज्या विभागात बसलेल्या आवाजाचे आणि खोकल्याचेच रोगी येतात, तिथे दारातच मास्कचा खोका ठेवायला काय लागतं?

दुसरं, दुर्बिणीपासून जीनएक्सपर्टच्या उत्तरापर्यंतच्या काळात कामावर जायचं की नाही, हे कुणी ठामपणे सांगितलं नाही. एकाने "शक्यतो टाळा" म्हटलं, दुसऱ्याने "अजून सिद्ध कुठे झालंय". मी लहान मुलांना शिकवते, तेही बंदिस्त तलावावर. मला एक सरळ उत्तर हवं होतं: जाऊ नका, आणि हे घ्या पत्र. शेवटी मीच रजा टाकली.

निदान पक्कं झाल्यावर मात्र त्यांनी पुढचं नीट हाताळलं. संपर्कातल्या लोकांची यादी करायला एक आरोग्यसेविका बसली. आधी घरचे, मग कामाचे. तिचे प्रश्न नेमके होते: कोण किती वेळ जवळ असतं, जागा बंद की उघडी, पाच वर्षांखालचं कुणी आहे का, कुणाची प्रतिकारशक्ती कमी आहे का. पाण्यातून पसरतो का, हा पालकांचा पहिला प्रश्न असणार हे मला माहीत होतं. पाण्यातून नाही, हवेतून. तलावाच्या कार्यालयाला गेलेल्या पत्रात माझं नाव नव्हतं, फक्त कोणत्या बॅचच्या मुलांनी तपासून घ्यावं ते होतं. अर्थात कुणाची रजा चाललीये हे सगळ्यांना दिसतच होतं, पण निदान कागदावर तरी नाव आलं नाही.

उपचाराबद्दल फार लिहीत नाही, तो बहुतेक ठिकाणी साधारण सारखाच. सहा महिने गोळ्या, पहिले दोन महिने चार औषधं, मग त्यापेक्षा कमी. लघवी नारिंगी होते, घाबरू नका, ते रिफॅम्पिसिन. गिळताना दुखणं पहिलं गेलं, आवाज सावकाश आला. कल्चरचं उत्तर यायला काही आठवडे लागले. हा जंतू दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास घेतो, द्रव माध्यमातसुद्धा सहा आठवडे वाट बघून मगच "नाही" म्हणतात. माझ्या तुकड्यातून तो वाढला आणि नेहमीच्या औषधांना दाद देणारा निघाला. फॉर्मॅलिनच्या एकाच बाटलीवर भागवलं असतं तर ही ओळ रिपोर्टमध्ये आलीच नसती.

मधल्या तपासणीत मी पुन्हा जीनएक्सपर्ट करा म्हणून हट्ट धरला होता, ते त्यांनी मानलं नाही. मेलेल्या जंतूंचं डीएनएही त्याला सापडतं, त्यामुळे उपचार लागू पडतोय का हे त्यावरून कळत नाही. त्याऐवजी दुर्बीण आणि वजन. पडद्यावर डाव्या रज्जूची कड बरीचशी सरळ झालेली, थोडा व्रण राहिलाय. स्ट्रोबोस्कोपीत लाट दिसते, उजवीपेक्षा आखूड. तलावाच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत हाक अजून पोहोचत नाही. वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणतात पोहोचेल, पण ओरडून नाही, त्यांनी शिकवलेल्या पद्धतीने. ते व्यायाम कंटाळवाणे आहेत.

कुणी जावं? ज्याचा आवाज महिनाभर सुधारला नाही त्याने, आणि ज्याला गिळताना किंवा कानात दुखतंय, त्याने तर लगेच. श्वास घेताना आवाज येत असेल, दम लागत असेल, तर इथल्या अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात. जाताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, विशेषतः अँटिबायोटिकची नावं, सोबत न्या. मास्क स्वतःचा घालून जा. आणि दुर्बिणीच्या व्हिडिओची प्रत हवी असेल तर तपासणी सुरू होण्याआधीच सांगा, नंतर त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तो अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हे तिथे कुणालाच माहीत नाही.